रेल्वेवर रुसलेले मालक

माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी कर्जतच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी आजवर ज्या दर्जाचे अर्ज लिहिले, त्या दर्जाचे अर्ज पदवीधरांच्या हातूनही सहसा उतरत नाहीत, असे कचेरीतली मंडळी खासगीत मान्य करतात. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. ज्या गृहस्थाविषयी मला लिहायचे आहे, त्यांना उभ्या आयुष्यात एकच अर्ज करावासा वाटला. तो माझ्या हातून लिहिला गेला, आणि माझ्या सगळ्या कारकिर्दीत त्याच्याइतका निरुपयोगी अर्ज दुसरा झाला नाही. सबब, लिहिणाऱ्याची योग्यता आधी नमूद करून ठेवणे मला आवश्यक वाटले.

ते माझे घरमालक. दहिवलीत वडिलोपार्जित भातशेतीचा जो तुकडा उरला होता, त्याच्या एका अंगाला त्यांनी सिमेंटच्या खोल्यांची एक ओळ उभी केली होती. कडेच्या खोलीत मी कित्येक वर्षे राहिलो. गावात त्यांना सगळे ‘डोलीवाले’ म्हणत. मी त्यांना ‘मालक’ म्हणत असे आणि ते मला ‘अर्जवाले’. उंच, काटक, अंगात लेंगा-सदरा, काखेत बारमाही छत्री. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली होता. त्यांनी जन्मात कधी डोली उचलली नव्हती; पण खांदा मात्र असा, जणू कोणी तरी त्यावरून आताच उतरून गेले आहे.

खोली मागायला येणाऱ्याला ते नोकरी विचारत नसत, गाव विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच.

“पुन्याला कशानं जाता?”

“गाडीनं” असे उत्तर आले, की ते म्हणत, “खोली हाय. पन मागच्या अंगाची. वारा नाय तिथं.”

मी गेलो तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. मी म्हणालो, “मला पुण्याला जाण्याचे प्रयोजनच पडत नाही.” हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. “मानूस कामाचा हाय,” असे ते आपल्या मुलीला आत वळून म्हणाले, आणि वाऱ्याची खोली माझी झाली.

या प्रश्नामागचा इतिहास त्यांच्या प्रत्येक भाडेकरूला ऐकावा लागे. मीही तो इतक्या वेळा ऐकला, की प्रतिज्ञापत्रावर लिहून देऊ शकेन.

“आगगाडी पयली आली ती खोपोलीला,” असे ते सुरू करीत. “आज तुमी त्याला फाटा म्हनता. फाटा नव्हता तो, तीच लाइन होती. पुन्याला जानारा शेट असो, नाय तर साहेब, गाडीतनं खोपोलीला उतरायचा. फुडं घाट. आन् घाट चढायचा कुनाच्या जिवावर? आमच्या. डोली, पालखी, तट्टं, बैलगाड्या. वरती खंडाळ्याला परत दुसरी गाडी हुभी. मधला घाट आमचा. आमच्या खांद्याबिगर पुनं आन् मुंबई एकमेकांस्नी दिसली नसती.”

मग घाट फोडला गेला. गाडी पळसदरीवरून वर वळली आणि ठाकुरवाडीमार्गे थेट खंडाळ्याला चढली. मालकांचे पणजोबा आणि त्यांची माणसे त्या दिवशीही नेहमीप्रमाणे खोपोलीच्या स्टेशनाबाहेर डोल्या मांडून उभी होती. खालची गाडी आली. चार गाववाले उतरले, कोणी कोंबड्या घेऊन, कोणी मीठ. घाट चढणारा एकही नव्हता. माणसे संध्याकाळपर्यंत थांबली. शेवटी पणजोबांनी एका डोलीच्या दोऱ्या सोडल्या, दांडा खांद्यावर टाकला आणि ते घरी आले. घरी येऊन त्यांनी सांगितले ते मालक उभे राहून सांगत: “जिनं आपल्या खांद्यावरचं वझं पळवलं, तिच्या पाठीवर बसून आपल्या घरातलं मानूस घाट चढायचं नाय.”

तेव्हापासून त्या घरातले कोणी रेल्वेने घाट चढले नव्हते.

मी कागदपत्रांचा माणूस. एकदा विचारले, “मालक, याला पुरावा काय?”

“पुरावा?” त्यांनी छत्रीने भिंतीकडे दाखवले. “त्यो दांडा दिसतोय ना?”

दांडा खरोखरच होता. ओटीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवा, काळा, आणि दोन्ही टोकांकडे घासून गुळगुळीत झालेला. खंडेनवमीला लोक नांगर, कोयते पुजतात. कोणी टेंपोला झेंडूची माळ घालतो. मालक दांडा पुजत. ज्या हत्याराने तीन पिढ्यांत कोणाचे पोट भरले नाही, त्याला ते न चुकता गंध लावीत आणि मुलीला सांगत, “हात जोड गं. आपला धनी हाय तो.”

त्यांच्या रुसण्याला कलमे आणि पोटकलमेही होती. गाडीने घाट उतरण्यास हरकत नव्हती. “उतरायला कोन डोली करतो? उतरायचं कदी आमचं नव्हतंच,” असा त्यांचा युक्तिवाद. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसले, की पळसदरीला, जिथे घाटाची लाइन वर वळते, तिथे ते दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवीत; भाऊबंदकीतले घर आले म्हणजे माणूस फिरवतो, तसे. डोलवली हे स्टेशनाचे नाव डोलीवरूनच पडले, असे ते छातीठोकपणे सांगत. माझ्या मते त्याला काही आधार नव्हता. आणि घाटरस्त्यावर त्या धनगराचे जे देऊळ आहे, ज्याने गाडीला डोंगरातली वाट दाखवली असे म्हणतात, तिथे सगळ्या गाड्या थांबतात, लोक नाणी टाकतात. मालक एसटीत असले तर हात मांडीखाली दाबून बसत. “त्यानं गप बसायचं हुतं,” एवढेच म्हणत.

मुंबईतल्या घोड्यांच्या ट्रामबद्दल कोणी कौतुकाने बोलले, की विचारीत, “ट्राम बंद झाली तवा घोड्यांचं काय केलं, ते लिवलंय का कुटं?” ते कोणालाच ठाऊक नसे. मग ते मान हलवीत. घोड्यांची बाजू घेणारे त्यांच्याशिवाय मला कोणी भेटले नाही.

या घरात आणखी एक रीत होती, ती सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. डोली वाहताना मागच्या माणसाला पायाखालचे दिसत नाही. समोर डोली असते. म्हणून पुढचा ओरडून सांगतो, “दगड!” मागचा म्हणतो, “हाय!” म्हणजे ऐकले, ध्यानात आहे. पुढचा म्हणतो, “पानी!” मागचा म्हणतो, “हाय!” मागून ‘हाय’ आल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकायचे नाही, असा नियम. डोल्या गेल्या, पण ही हाळी बापाकडून लेकाकडे येत राहिली. मालकांना मुलगा नव्हता. त्यांनी ती मुलीला, सुरेखाला, शिकवली. बाप-लेक बाजारातून पिशवी दोन्हीकडून धरून आली, तरी ऐकू येई.

“गटार!”

“हाय!”

“कुत्रं!”

“हाय! आबा, कुत्रं मलापन दिसतंय.”

“दिसलं तरी म्हनायचं.”

सुरेखाची आई लवकर गेली होती. त्या घरात मालकांना ‘हाय’ म्हणणारे तेवढे एकच माणूस होते.

तिला स्थळ आले लोणावळ्याचे. मुलाचे चिक्कीचे दुकान, मुलगा शांत, घर नीट. अडचण एकच: घर घाटावर. मालकांनी आठ दिवस विचार केला आणि होकार दिला, पण अट घातली, की वऱ्हाड खोपोलीवरून, रस्त्याने चढेल. लग्नाच्या दिवशी कर्जतला घाटावर जाणारी गाडी समोर उभी असताना आम्ही सारे वऱ्हाडी दोन टेंपोंत कोंबले गेलो. घाटाच्या वळणांवर निम्म्या बायकांना उलट्या झाल्या. मालकांची एक चुलत बहीण तोंड पुसत म्हणाली, “पनजोबाला वझं वहायची हौस हुती, आन् भोगतोय आमी!” सगळा टेंपो हसला. सुरेखा मुंडावळ्या सावरत सगळ्यांत जास्त हसली.

लग्नानंतर ती माहेरी येई ती गाडीने, आणि परत जाई ती खोपोलीवरून. सासरी सांगून मोकळी झाली होती, की आमच्या घरात असेच आहे. कोणी पाहत नव्हते. कर्जतला गाडीत बसून वर गेली असती, तर बापाला कळलेही नसते. तिने तसे केले नाही. मात्र ती थट्टा सोडीत नसे. एकदा अंगणात भात वाळत घालता घालता तिने माझ्यादेखत विचारले:

“आबा, एक सांगा. तुमी रुसलाय, हे रेल्वेला ठाऊक तरी हाय का?”

मालक फळीने भात पसरत राहिले.

“तिला नसंल,” ते म्हणाले. “मला हाय ना.”

“म्हंजे तुमीच रुसायचं, आन् तुमीच चालायचं.”

“रुसन्याची रीतच ती हाय गं.”

पुढे सुरेखा आजारी पडली. मूत्रपिंडाचे दुखणे होते. एक दिवस बरे, चार दिवस वाईट. तिचे येणे विरळ झाले, कारण येताना गाडीत तिला आराम मिळे, पण परतीच्या वाटेवर खोपोलीचा बदल, जीपची धडपड आणि घाटाची वळणे तिला सोसत नसत. मालकांना हे दिसत होते. एकदा ती सुजलेले पाय घेऊन ओट्यावर बसली असताना ते दांड्याकडे न पाहता म्हणाले, “सुरेखा, तू आपली गाडीनं जात जा. तुला माफ हाय.”

तिने पदर पायांवर ओढला. मग म्हणाली, “पयले तुमी चढा. मी मागनं येईन.”

“मी कशाला?”

“फुडच्यानं पाऊल टाकल्याबिगर मागच्यानं कसं टाकायचं? तुमीच शिकवलंय. या की एकदा गाडीनं माझ्या घरी, आबा. मी स्टेशनावर येऊन हुभी राहीन.”

मालक म्हणाले, “येईन.” ते कधी, हे त्यांनी सांगितले नाही. तीही त्या दिवशी सुजलेल्या पायांनी खोपोलीवरूनच गेली. हट्ट त्या घरात दांड्यासारखाच वारशाने येत होता.

ज्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे, त्या सकाळी जावयाचा फोन आला. मालकांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना नीट ऐकू येत नव्हते, किंवा ऐकायचे नव्हते. जावई म्हणाला, “काका, आबांना घेऊन लगेच निघा. डॉक्टर म्हणतात, वेळ थोडा हाय. ती सारखी विचारतेय, आबा निघाले का.”

मी मालकांना स्पष्ट आणि मुद्देसूद सांगितले: गाडी लवकरच येईल, घाट चढायला तिला फार वेळ लागत नाही, रस्त्याचा भरवसा नाही, आणि खुद्द मुलीची तशी इच्छा आहे. मला वाटले होते, वाद होईल. वाद झाला नाही. त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली. दारातून बाहेर पडताना दांड्याखाली क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चला. गाडीनं जाऊ.” इतक्या पिढ्यांचा पण त्यांनी माझ्यासमोर एका वाक्यात सोडला. त्या वेळी मी मनात म्हणालो, हा माणूस मोठा आहे.

मी लोणावळ्याची दोन तिकिटे काढली. गाडी आली. कर्जतला घाटाच्या गाड्या जरा जास्त थांबतात, कारण वर ढकलण्यासाठी मागे जादा इंजिने जोडावी लागतात. लोक वडे घ्यायला उतरतात, खाऊन परत चढतात. सांगायचे हे, की वेळ भरपूर होता. आम्ही डब्याच्या दारासमोर उभे होतो. मी आधी चढलो आणि हात पुढे केला.

मालकांनी डाव्या हाताने दांडी धरली. उजवा पाय उचलला, आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“चढा, मालक.”

“चढतो.”

मागे इंजिन लागल्याचा धक्का सगळ्या डब्यांतून सरकत आला. त्यांनी पाय तिसऱ्यांदा उचलला. चेहऱ्यावर हट्ट नव्हता, राग नव्हता. घाम होता. ज्याला हुकूम दिला आणि जो ऐकत नाही अशा नोकराकडे पाहावे, तसे ते आपल्या पायाकडे पाहत होते.

“अर्जवाले, पाय उचलंना,” ते म्हणाले.

तेवढ्यात हातात वड्यांची पुडी घेतलेली एक बाई मागून आली. “आजोबा, चढा, नाय तर बाजूला व्हा ना. गाडी सुटंल.”

आणि मालक बाजूला झाले. सभ्यपणे, छत्री अंगाशी घेऊन, त्या बाईला वाट देऊन ते बाजूला झाले. बाई चढली. तिच्या मागून आणखी दोघे चढले. गाडी हलली, तशी मी खाली उडी मारली. डबे गेले, शेवटी मागून ढकलणारी इंजिने गेली, आणि समोर रूळ उरले.

बराच वेळ ते त्या दिशेला पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “खोपोलीची लागलीय का, बघा.”

लागलेली होती. आम्ही तिच्यात बसलो. पळसदरी आली. त्या दिवशी मालकांनी तोंड फिरवले नाही. घाटाची लाइन वर जाताना दिसेपर्यंत ते तिकडे पाहत राहिले.

खोपोलीला जीप मिळाली. पण घाटात वर कुठे तरी ट्रक आडवा झाला होता आणि वाहने एकामागे एक उभी होती. जीपवाला इंजिन बंद करून म्हणाला, “आता देवाचं नाव घ्या.” आम्ही उतरून चालू लागलो. चालत धनगराच्या देवळापर्यंत आलो. मालक तिथे थांबले. आयुष्यभर ज्यांनी तिथे हात मांडीखाली दाबले, त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि मोठ्याने, शेजारी मी उभा असल्याचे भान न ठेवता म्हणाले, “बाबा, तेंना दाखवलीस. आता मला दाखव.”

मग ते मला म्हणाले, “हितनं डोलीची वाट हाय. सरळ वर. रस्त्याच्या निम्मी. आमच्या वाटंला आजवर कोनी हात लावला नाय.” आणि ते झाडीत शिरले.

वाट होती. सुरुवातीला तर चांगली होती. जुने दगड बसवलेले, मधून पाण्याला चर काढलेली. या वयात ते असे चढत होते, की मी मागे पडत होतो. पुढून त्यांची हाळी येऊ लागली. “दगड!” मी पहिल्यांदा गोंधळलो. ते थांबले. पाऊल पुढे टाकीनात. तेव्हा मला समजले आणि मी म्हणालो, “हाय!” ते पुढे गेले. “काटा!” “हाय!” “चर!” “हाय!” माझ्यासारख्या कचेरीच्या माणसाने त्या रानात ‘हाय’ म्हणत चढावे, हे अन्य वेळी मला शोभले नसते. त्या वेळी दुसरे काही सुचत नव्हते.

मग हाळी थांबली.

मी वर पोहोचलो तेव्हा ते एका कड्यावर उभे होते. कडा निसर्गाचा नव्हता. डोंगर सरळ कापून खाली द्रुतगती महामार्ग काढलेला होता. कापलेल्या अंगावर जाळी ठोकली होती. वाट जाळीपाशी येऊन संपत होती. पलीकडे, पोहोचता येणार नाही अशा ठिकाणी, तिचा पुढचा भाग गवतात दिसत होता. मालकांनी जाळीवर हात ठेवला. मला तेव्हाच समजले, की या वाटेने ते आयुष्यात कधी चढले नव्हते. सगळी वाट त्यांनी ऐकलेली होती.

“कवा कापली?” त्यांनी विचारले.

“बरीच वर्षे झाली, मालक.”

“मला कोनी सांगितलं नाय.”

डोंगराच्या पलीकडच्या अंगाने इंजिनाची शिट्टी आली. ती आमची गाडी नव्हे. आमची केव्हाच गेली होती. ती तिच्या मागची.

आम्ही परत रस्त्यावर उतरलो. अडकलेल्या वाहनांतून वाट काढणाऱ्या एका दूधवाल्याला मी हात केला आणि त्याने मालकांना मागे बसवून वर नेले. मी चालत, मग एका टेंपोतून, खूप मागाहून पोहोचलो. मालक दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेले होते. छत्री गुडघ्यांवर आडवी. मी काही विचारण्याची गरज राहिली नव्हती. जावई बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “थोडक्यात हुकलं, काका. अगदी थोडक्यात. मी तिला सांगितलं होतं, आबा गाडीत बसले. ती हसली होती.”

हे त्याने मालकांना सांगितले होते की नाही, मला माहीत नाही. मी सांगितले नाही.

तिरडीला पुढच्या अंगाला मालकांनी उजवा खांदा दिला. लोकांनी म्हटले, तुमचे वय नाही, सोडा. त्यांनी सोडले नाही. मी मागे होतो. रस्ता उकरलेला होता, खडी पसरलेली होती. थोडे पुढे गेल्यावर मालकांचा आवाज आला.

“दगड!”

लोक चपापले. जावयाने हातातले मडके सावरत मागे वळून पाहिले. मालक थांबले होते आणि त्यांच्यामुळे सगळे थांबले होते.

“हाय,” मी मागून म्हणालो.

तिरडी हलली. “खड्डा!” “हाय!” “उतार!” “हाय!” स्मशानापर्यंत असेच चालले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते, तर उत्तर देणारा कोण आहे ते त्यांना दिसले असते.

दिवस झाले आणि ते दहिवलीला परतले. परतताना गाडीने, उतरायला हरकत नव्हती. दांडा भिंतीवरच होता. त्याकडे ते पाहत नसत, आणि तो काढीतही नसत. नव्या भाडेकरूंना ते प्रश्न विचारीनासे झाले. “कुटलीपन घ्या,” एवढेच म्हणत.

अर्ज करणे म्हणजे हात पसरणे, असे त्यांचे मत होते. त्यामुळे एका सोमवारी ते कचेरीसमोर माझ्या टेबलापाशी येऊन, इतर पक्षकारांप्रमाणे रांगेत बसले, तेव्हा मला धक्का बसला. पाळी आल्यावर ते म्हणाले, “एक अर्ज लिवायचाय. रेल्वेला.”

“विषय?”

“त्या दिवशीची आपली गाडी वर उशिरा पोचली, असं त्यांनी कागदावर द्यावं.”

मी पेन खाली ठेवले. “मालक, ती गाडी आपल्या डोळ्यांदेखत सुटली.”

“सुटली. पोचली का वेळंवर, ते आपन पायलं का? घाटात गाड्या थांबत नाय का? दरड येते, इंजिन बिघडतं. समजा थांबली आसंल. म्हंजे आपन तिच्यात असतो, तरी—” त्यांनी पेन माझ्याकडे सरकवले. “लिवा तुमी.”

मी लिहिले. लोणावळ्याहून परतताच, माझ्या पद्धतीप्रमाणे, मी वस्तुस्थितीची खात्री करून घेतली होती. त्या दिवशी त्याच गाडीने गेलेला कचेरीतला एक शिपाई माझ्या परिचयाचा होता. गाडी कुठेही थांबली नव्हती. वेळेवर पोहोचली होती. स्टेशनापासून तो दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे.

ते मालकांनी मला विचारले नाही. विचारले असते, तर मी काय उत्तर दिले असते, याचा मी आजही निर्णय करू शकलेलो नाही.

अर्ज तयार झाला, की पक्षकाराला वाचून दाखवायचा, हा माझा नियम. त्यांना वाचून दाखवला, तो त्यांनी घडी करून खिशात घातला. “टपालात मी टाकतो,” म्हणाले. पुढच्या सोमवारी ते पुन्हा आले. “पयला बराबर जमला नव्हता. परत लिवा.” माझ्या मसुद्याला असे कोणी कधी म्हटले नव्हते. पण मी नवा लिहिला. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. त्यांतला एकही अर्ज रवाना झाला नाही, हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. मी पाठविण्याचा आग्रह धरला नाही. उत्तर आले असते, तर ते एकच आले असते.

शेवटचा सोमवार मला स्पष्ट आठवतो. पुढचा सोमवार यायच्या आत ते गेले, आणि त्यांच्या खांदेकऱ्यांत मीही होतो. त्या दिवशी ते थकलेले दिसत होते. मी मसुदा हातात घेऊन नेहमीप्रमाणे वाचू लागलो. दुसऱ्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले आणि, बहुधा स्वतःच्याही नकळत, उत्तर देऊ लागले.

“अर्जदार हा मौजे दहिवली, तालुका कर्जत येथील कायमचा रहिवासी आहे.”

“हाय.”

“अर्जदाराची एकुलती एक विवाहित कन्या लोणावळा येथे अत्यवस्थ होती.”

“हाय.”

“अर्जदार सदर गाडीने जाण्याच्या इराद्याने, रीतसर तिकीट काढून, कर्जत स्थानकावर हजर होता.”

“हाय.”

“परंतु काही कारणास्तव अर्जदारास सदर गाडीत चढता आले नाही.”

जरा थांबून, “हाय.”

“तरी सदर गाडी त्या दिवशी लोणावळा येथे उशिरा पोहोचली होती, आणि अर्जदार तीत असता तरीही कन्येची भेट झाली नसती, असे लेखी कळवावे, ही विनंती.”

मी कागद खाली घेतला आणि थांबलो. रांगेतले पक्षकार चुळबुळ करू लागले. मालक डोळे मिटून बसले होते, उजवा खांदा खाली. मी ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचले.

समोरून काही आले नाही.